मुक्काम कुणाच्या घरी?



आपली माणसे प्रवास करीत नाहीत असे कोणी म्हणू नये. ६ डिसेंबरला दादर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर, १ जानेवारीला भीमेकाठचा विजयस्तंभ, २० मार्चला महाड. चटणी-भाकरी बांधून, लेकरे कडेवर घेऊन, रेल्वेच्या दारात उभे राहून आपण हे प्रवास केले आणि पुढेही करू. पण या साऱ्या प्रवासांत आपण हजारोंच्या संख्येने असतो आणि रात्र आपल्याच माणसांत काढतो. मैदानात, नाही तर विहारात. एखादी नदी कशी वाहते, एखादा डोंगर कसा झाला हे पाहण्यासाठी दहा माणसांनी गाडी करून निघायचे आणि रात्री अनोळखी गावात अनोळखी घरी मुक्काम करायचा, असा प्रवास आपल्या घरांतून अजून फारसा होत नाही. पैशाची अडचण आहेच. पण पैसा हे एकच कारण नव्हे.

यंदा दिवाळीनंतर आमच्या पुण्यातील वसाहतीतल्या तीन कुटुंबांनी असा एक प्रवास केला. अकरा माणसे, त्यांपैकी चार मुले. गाडी आमच्यातल्याच एका बंधूची, तो एरवी तीवर कामगारांची ने-आण करतो. जायचे होते पारनेर तालुक्यात. निघोजचे रांजणखळगे, वडगाव दर्याचे चुन्याचे खांब, आणि संध्याकाळी सुप्याच्या माळावरच्या पवनचक्क्या. सुपा हे पुणे-नगर महामार्गावरचे गाव. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी एस.टी.तली माणसे अजून 'एक नगर द्या' असेच म्हणून तिकीट काढतात. तेथे एमआयडीसी आहे, त्यामुळे बाहेरगावचे पुष्कळ कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. पाहायचे काय ते पाच मिनिटांत ठरले. रात्री राहायचे कुठे, यावर मात्र आमचे तीन रविवार गेले.

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न पडत नसे, कारण त्याचे उत्तर आधीच ठरलेले होते. परगावी एस.टी.तून उतरले की, पानाच्या टपरीवर हळूच विचारायचे, 'आपली वस्ती कुठल्या अंगाला आहे?' मग गावाला वळसा घालून त्या दिशेने चालू लागायचे. ओळख नसली तरी तिथे भाकरी मिळे, घोंगडी मिळे, आणि बोलता बोलता कुणाच्या तरी आत्याची नणंद आपल्याच गावची निघे. ते आतिथ्य फार मोठे होते, त्याला मी नावे ठेवणार नाही. परंतु त्या वळशामागे एक कुलूप होते, हेही खरे. धर्मशाळा होत्या, पण त्या आपल्याला नव्हत्या. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, तो आपण महाडच्या पाण्याच्या संदर्भात आठवतो. त्या ठरावात पाणवठ्यांबरोबर सरकारी खर्चाने बांधलेल्या धर्मशाळाही होत्या. तहान आणि झोप या दोन्ही गोष्टी त्यात एकत्रच मागितलेल्या आहेत.

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण मुलांना ते पुन्हा सांगावे असे आहे. १९१७ साली अमेरिका-इंग्लंडमधील शिक्षणानंतर ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नावाने, रोजच्या दीड रुपयाला, ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. दोन परिचितांकडे त्यांनी चौकशी केली. एक हिंदू, दुसरे ख्रिस्ती. दोघांच्याही घरी जागा झाली नाही. तो दिवस कामाठी बागेत काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. पुढे १९३४ साली ते सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. म्हणजे तीही आपल्यासारखी सहलच होती. वाटेत दौलताबाद किल्ल्याच्या दाराशी हौदावर हातपाय धुतले म्हणून तिथल्या लोकांनी गोंधळ घातला. शेवटी किल्ला पाहायला मिळाला, पण कुठे पाण्याला शिवू नये म्हणून सोबत हत्यारी शिपाई दिला गेला. सहलीच्या वाटेवरचा हा शिपाई आपल्या मनातून अजून पुरता गेलेला नाही, असे मला वाटते.

हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या न्यूयॉर्क शहरात शिकले, त्याच शहरात पुढे १९३६ साली व्हिक्टर ग्रीन नावाच्या एका टपालवाल्याने एक छोटे पुस्तक काढले. तो स्वतः काळा. मोटार घेऊन निघालेल्या काळ्या कुटुंबाला रात्री कुठे थारा मिळेल, पेट्रोल कुठे भरता येईल, जेवण कुठे मिळेल, याचे पत्ते त्यात असत. ज्या गावात एकही हॉटेल त्यांना घेत नसे, तिथे काळ्या माणसांच्या राहत्या घरांचे पत्ते दिलेले असत. लोक त्याला ग्रीन बुक म्हणत. १९६४ मध्ये अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला आणि १९६६-६७ च्या आवृत्तीनंतर ते बंद पडले. आपल्या वाडवडिलांजवळ असे पुस्तक नव्हते. 'आपली वस्ती कुठे?' हा एक प्रश्न होता, आणि तो तोंडपाठ होता.

आता कायदा काय सांगतो? संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते सर्वांना खुले केले. १९५५ च्या कायद्याने धर्मशाळा आणि मुसाफिरखान्याचे दारही उघडले. हॉटेलात खोली घेताना आज कोणी जात विचारीत नाही, ओळखपत्र मागतात. पण हल्ली लोक हॉटेल सोडून घरात राहू लागले आहेत. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले. याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत, काजवे पाहायला येणाऱ्या शहरी पाहुण्यांना आदिवासी कुटुंबे आपल्या घरी ठेवून घेतात, जेऊ घालतात. ही चांगली गोष्ट आहे. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, पाहुण्याला गाव कळते. पण घराला हॉटेलसारखा काउंटर नसतो. घरात चूल असते, माठ असतो आणि म्हातारी माणसे असतात. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न येतो, 'पाव्हणं, गाव कोणतं? आडनाव काय?'

आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याचा भाचा सुप्याच्या कारखान्यात आहे. त्याने खोल्या देणाऱ्या दोन घरांचे फोन दिले. पहिल्या घरी बोलणे उत्तम झाले, दर ठरला, मग आडनाव विचारले. दोन तासांनी फोन आला, 'आमच्याकडं अचानक पाव्हणे यायचेत, जमायचं नाही.' कारण जातच होती असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पाहुणे खरोखर आलेही असतील. पण भाड्याची खोली शोधताना ज्याने हे वाक्य ऐकले नाही असा आपला कामगार मला अजून भेटायचा आहे.

दुसऱ्या घरी फोन करण्याआधी आमच्यात चांगलीच वादावादी झाली. माझे म्हणणे, आपण होऊन सांगावे की आम्ही बौद्ध आहोत, चालत असेल तर येतो. माझी मुलगी कॉलेजला आहे, ती भडकलीच. "पैसे देऊन राहणार ना आपण? मग आपणच का म्हणून परवानगी मागायची? बाकीचे सांगतात का फोनवर आपली जात?" तिचे म्हणणे तत्त्वाला धरून होते. यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "तत्त्व बरोबर आहे गं. पण लेकरं झोपल्यावर रात्री अकराला कुणी उठवलं, तर तत्त्व घेऊन कुठं निजायचं?" गाडीवाल्या बंधूचे मत आणखी वेगळे. "दादा, सुप्यात आपली माणसं आहेत की. त्यांच्याकडं उतरू, परक्याला पैसे कशाला?" त्यातही चूक काही नव्हते. शेवटी मी फोन केला आणि सांगितले. पलीकडून तरुण आवाज आला, "या की. जेवायला काय करायचं तेवढं सांगा." मुलीने ते ऐकले, तरी तिचे मत बदलले नाही. बदलावे असे मी म्हणालोही नाही.

असो. आता पाहिले काय ते सांगतो.

पहाटे निघालो. पेरणे येथे स्तंभाजवळ गाडी थांबवून सर्वांनी मानवंदना दिली. १ जानेवारीच्या गर्दीत तिथे उभे राहणे निराळे आणि नोव्हेंबरच्या पहाटे, कोणी नसताना उभे राहणे निराळे. पुढे शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर. शिरूरहून आत वळून निघोज.

कुकडी नदी जुन्नरच्या बाजूने सह्याद्रीतून येते. निघोजपाशी तिच्या एका काठाला नगर जिल्हा आणि दुसऱ्या काठाला पुणे जिल्हा आहे. पात्रात काळ्या खडकाचा पसारा आहे, आणि त्या खडकात शेकडो खळगे आहेत. काही वाटीएवढे, काही रांजणाएवढे, तर काही इतके खोल की वाकून पाहताना पोटात गोळा येतो. कडा गुळगुळीत, जणू कुंभाराने आतून हात फिरवला आहे. हा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला आणि थंड झालेला लाव्हा, त्याला बेसाल्ट म्हणतात. आपला अवघा घाट-देश बहुतांशी त्याचाच बनलेला आहे. नदीच्या पुरात दगडगोटे वाहून येतात. खडकात कुठे जराशी खाच असली की पाणी तिथे भोवऱ्यासारखे फिरते, गोटा त्यात अडकतो आणि गरगर फिरत राहतो. पावसाळ्यामागून पावसाळे तो खडक घासत जातो. गोटा झिजून संपतो, पुढच्या पुरात दुसरा येतो.

हे मी मुलांना पुस्तकी भाषेत समजावीत होतो आणि मुले इकडेतिकडे पाहत होती. आमच्याबरोबर एक भगिनी होत्या, त्या चार घरी स्वयंपाकाची कामे करतात. त्या म्हणाल्या, "म्हणजे उखळच की! दगडच मुसळ आणि नदीच कांडती." याहून चांगले मला सांगता आले नसते. एका खळग्यात तळाशी चार-पाच गोल गोटे अजून पडलेले होते. मुलांना ते दिसले आणि सगळे कळले.

काठावर मळगंगेचे देऊळ आहे, नदीवर झुलता पूल आहे. तिथे पेरू विकणाऱ्या एका आजोबांनी ही कुंडे देवीने केल्याचे सांगितले. मुले माझ्याकडे पाहू लागली. मी आजोबांशी वाद घातला नाही. त्यांनी विचारले असते तर सांगितले असते. त्यांनी पेरूचा भाव सांगितला, तो वाजवी होता. एक सूचना मात्र कळकळीने करतो. खळग्यांच्या कडा शेवाळाने निसरड्या असतात आणि आतल्या पाण्याचा ठाव लागत नाही. फोटोसाठी कडेला जाऊ नये, पोहायला तर मुळीच उतरू नये. अशा ठिकाणी माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पावसाळ्यात, किंवा वरच्या धरणांतून पाणी सोडलेले असेल तेव्हा, दुरूनच पाहावे.

दुपारी वडगाव दर्याला गेलो. कान्हूर पठाराच्या बाजूला एकसारखा माळ आहे आणि त्यात एकाएकी जमीन फाटावी तशी दरी आहे. पायऱ्यांनी उतरले की गारवा लागतो. खाली दर्याबाईचे देऊळ आणि वरच्या खडकातून खाली लोंबणारे चुन्याचे खांब. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना खडकातला चुना विरघळवून आणते. थेंब छताला लोंबतो, त्यातला वायू निघून जातो, कणभर चुना मागे राहतो. असे थेंबाथेंबाने ते खांब झाले. एक बोटभर वाढायला किती पिढ्या गेल्या असतील, आणि माणसे तो आठवण म्हणून मोडून नेतात! आम्ही देवळात गेलो नाही, पण तो दगड डोळे भरून पाहिला. माकडे फार आहेत. आमच्या चिवड्याची पिशवी त्यांनी नेली. टाकळी ढोकेश्वरची जुनी लेणी पाहायची राहून गेली, दिवस लहान पडला. पारनेर गावातून जाताना मुलांना सांगितले की सेनापती बापट या गावचे.

सुप्याला पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. माळावर पवनचक्क्या रांगेने उभ्या, बऱ्याचशा थांबलेल्या. जोराचा वारा पावसाळ्यात असतो, तेव्हा त्या खऱ्या कामाला लागतात. लहानग्यांची थोडी निराशा झाली. मग एक हळूहळू फिरू लागली तेव्हा त्यांनी टाळ्या पिटल्या.

मुक्कामाचे घर गावाबाहेर मळ्यात होते. घरी आजी, मुलगा, सून, दोन नातवंडे. मुलगा कंपनीत जातो, सून शेत पाहते. अंगणात खाटा टाकलेल्या, पाण्याची कळशी भरून ठेवलेली. मी कळशीकडे पाहिले आणि माझ्याआधी माझ्या मुलीने पाहिले. आजींनी तांब्या भरून आधी तिच्याच हातात दिला. "दमली आसशील. पी." फोनवर सांगितलेले आजींच्या कानावर होते की नव्हते, कोण जाणे. जेवणाआधी त्यांनी विचारलेच, "कोण तुम्ही लोकं?" मी म्हणालो, "आम्ही बौद्ध, आजी." त्या थोडे थांबल्या. मग म्हणाल्या, "माझ्या सासूच्या वक्ताला तुमची माणसं त्या लिंबाखाली बसायची. वरून पाणी वतायचो आम्ही. मीबी वतलंय." एवढे बोलून त्या आत गेल्या आणि सुनेला म्हणाल्या, "वाढ गं, शेंगोळी गार व्हत्याल."

हुलग्याची शेंगोळी, बाजरीची भाकरी, ठेचा आणि मासवडी. मासवडीत मासाही नसतो आणि मांसही नसते, तीळ-खोबऱ्याचे सारण बेसनाच्या पोळीत गुंडाळून वड्या पाडतात. आमच्यातल्या खाणाऱ्यांनी नावावरून आशा धरली होती! स्वयंपाकाचे काम करणाऱ्या भगिनी चुलीजवळ जाऊन बसल्या आणि सुनेकडून सारणाचे प्रमाण लिहून घेऊन आल्या. कोणी त्यांना 'इथवर या, पुढं नको' असे म्हटले नाही.

सगळे गोडच झाले असे मात्र लिहिणार नाही. रात्री शेजारच्या मळ्यातले एक गृहस्थ गप्पांना आले. खाटेवर बसले, पाऊसपाणी, कांद्याचा भाव यावर बोलले. मग आमचे गाव, आडनाव विचारले. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आल्या. 'आत्ताच झाला' म्हणून ते उठले आणि गेले. यजमान तरुण काही बोलला नाही, उरलेला कप त्याने स्वतः घेतला. अंथरुणावर पडल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, त्यांचा चहा खरंच झाला असेल का?" मी म्हणालो, असेलही. ती म्हणाली, "तुम्ही नेहमी असेलही म्हणता." तिला माझ्याजवळ उत्तर नव्हते. माळावर चांदणे एवढे होते की आम्ही दोघेही बराच वेळ जागे होतो.

सकाळी आंघोळीला माणशी अर्धी बादली असा नियम मीच घातला. पारनेर हा कमी पावसाचा तालुका, उन्हाळ्यात इकडे पाण्याची ओढाताण असते. पुण्यातल्या नळाची सवय घेऊन अशा घरी जाऊ नये. पिण्याचे दोन कॅन आम्ही बरोबर नेले होते. आपले अंथरूण-पांघरूण न्यावे, ताटे आपली आपण विसळावीत, बायकांना पहाटे चार वाजता चुलीपुढे बसावे लागेल अशी फर्माईश करू नये. आणि पैसे आधी ठरवून पुरते द्यावेत. 'घरच्यासारखे राहिलो' म्हणून हात आखडू नये.

हिशेब असा. गाडी, डिझेल आणि बंधूची दोन दिवसांची मजुरी मिळून ८,५०० रुपये. मुक्काम आणि दोन वेळचे जेवण सात मोठ्या माणसांचे, दर ४०० प्रमाणे २,८०० रुपये. चहा-नाश्ता, पेरू, किरकोळ १,१०० रुपये. एकूण १२,४००, गाडीवाल्या बंधूचा वाटा न धरता दहा जणांत माणशी १,२४० रुपये. दरमहा शंभर-सव्वाशे बाजूला टाकले तर वर्षात जमते. मुलांचे अर्ध्या दराने ८०० रुपये होत होते, ते आजींनी घेतले नाहीत. "लेकरांचं कुठं घेत्यात व्हय?" मग आम्ही त्यांच्याकडचे पाच किलो हुलगे बाजारभावाने विकत घेतले, ते या हिशेबात धरलेले नाहीत.

निघताना आजी म्हणाल्या, "हुरड्याला या." ज्वारी तेव्हा गुडघ्याएवढी होती, जानेवारीत ती हुरड्याला येईल. १ तारखेला त्या रस्त्याची वाहतूक वळवलेली असते, म्हणून दुसरा रविवार ठरवला आहे. सुप्यातल्या आपल्या वस्तीतही या खेपेला जाणार आहोत, तशी गाडीवाल्या बंधूची अटच आहे. आजींना फोन या वेळी माझी मुलगी करणार आहे. एक गाडी भरली, दुसरीत सहा जागा आहेत. आमच्या वसाहतीतल्या ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवारच्या वंदनेनंतर नावे द्यावीत. अंथरूण आपापले आणावे.